पहिल्या कॅम्पेनचा नकाशा: एक घाट, एक नदी, एक बाजारपेठ

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग खेळात खेळ चालवणारा तो डीएम, खेळाडूंच्या पात्रांची टोळी ती पार्टी, एक बैठक म्हणजे सेशन आणि अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन. नवा डीएम कागद घेऊन बसला की सर्वात आधी खंडाचा किनारा काढतो. मग उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट, मध्ये सात राज्यं, प्रत्येक राज्याला राजधानी आणि राजधानीला झेंडा. यात महिना सरतो. पहिल्या सेशनला पार्टी खानावळीतून निघते, शेजारच्या गावातल्या विहिरीत उतरते आणि पुढचे चार सेशन त्या विहिरीखालच्या भुयारात काढते. सात राज्यं फाइलमध्ये पडून राहतात.

म्हणून इथे उलट्या टोकाने जायचं आहे. लहान मुलूख घ्यायचा, तो नीट ओळखायचा आणि खेळ पुढे जाईल तसा वाढवायचा. खेळाच्या नकाशाचं मुख्य काम एवढंच, की टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांसमोर ‘आता कुठून जायचं?’ हा प्रश्न उभा राहावा आणि त्याला एकापेक्षा जास्त चांगली उत्तरं असावीत. ज्या रेघेने पार्टीत वाद होत नाही, ती रेघ पहिल्या महिन्यात काढली नाही तरी काही बिघडत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी याच कसाला लावून बघा.

सामान

हेक्स, म्हणजे षटकोनी घरं छापलेला एक ए-४ कागद (इंटरनेटवर फुकट मिळतो, साधारण दीड सेंटिमीटरचा हेक्स बरा पडतो), एचबी पेन्सिल, चांगलं खोडरबर आणि काळं, निळं, तपकिरी अशी तीन पेनं. एवढ्यावर पूर्ण कॅम्पेन निघतं. इंकारनेट, वंडरड्राफ्ट ही नकाशे काढायची सॉफ्टवेअर देखणी आहेत, पण ती नंतर. सुरुवातीलाच त्यात शिरलं की संध्याकाळ झाडांचे शिक्के मारण्यात जाते आणि नदी कुठून कुठे वाहते हे ठरतच नाही.

चौकटी सोडून हेक्स कशाला, असा प्रश्न पडू शकतो. चौकटीच्या कागदावर सरळ गेलं तर एक घर आणि तिरकं गेलं तर जवळजवळ दीड घर अंतर पडतं, मग दर वळणावर हिशेब. हेक्सचे सहाही शेजारी सारख्या अंतरावर असतात. ही सोय रोलप्लेइंगवाल्यांनी वॉरगेमवाल्यांकडून, म्हणजे बोर्डावर लढाया खेळणाऱ्यांकडून उचलली. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा आला, तेव्हा रानावनातल्या प्रवासासाठी खेळाडूंना ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या १९७२ च्या वेगळ्याच खेळाचा बोर्ड वापरायला सांगितलं होतं. तेव्हा दुसऱ्याचा नकाशा उसना घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, परंपराच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा एखादा नकाशा नव्वद अंशांत फिरवा, नावं पुसा, नवी टाका. नद्या-डोंगर खरेच असल्यामुळे पाणी कुठे चुकत नाही आणि टेबलावर कुणाला ओळखूही येत नाही.

आधी माप ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एक हेक्स दहा किलोमीटरचा धरा, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर दहा. काल्पनिक जगात किलोमीटर बोलायला विचित्र वाटत असेल तर तीन कोस म्हणा. कोस ढोबळमानाने दोन मैलांचा, त्यामुळे हिशेब जमतो. इंग्रजी पुस्तकांत सहा मैलांचा हेक्स दिसेल, तोही जवळपास एवढाच.

आता कागदावर बारा बाय दहा, म्हणजे १२० हेक्स घ्या. दहा किलोमीटरच्या हेक्सचं क्षेत्रफळ साधारण ८६.६ चौरस किलोमीटर भरतं. १२० ने गुणलं की होतात १०,३९२ चौरस किलोमीटर. सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे तुमच्या त्या ‘छोट्याशा’ कागदावर महाबळेश्वरपासून माणदेशापर्यंत अख्खा सातारा बसला. गोव्याला तर ४३ हेक्स पुरतात. साताऱ्यात दीड हजारांहून जास्त गावं आहेत, त्या हिशेबाने एका हेक्समध्ये बारा-चौदा येतात. ती सगळी काढायची नाहीत, पण लक्षात ठेवायची. ‘हा हेक्स रिकामा आहे’ याचा अर्थ तिथे माणूस नाही असा नाही, तिथे गोष्टीच्या कामाचं अजून काही ठरलेलं नाही एवढाच.

याचा दुसरा फायदा असा की हेक्स ओलांडूनही पार्टीला त्यातली गढी दिसली नाही, हे पटतं. सपाटीवर उभ्या माणसाची नजर क्षितिजापर्यंत पावणेपाच किलोमीटर पोचते. हेक्सच्या मध्यावर उभं राहून त्याची कडसुद्धा दिसत नाही. उंचीवरून मात्र चित्र बदलतं. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. शंभर मीटरच्या टेकडीवरून ३५ किलोमीटर, हजार मीटरच्या कड्यावरून ११० च्या वर. म्हणून टेकडी चढणाऱ्या पार्टीला काहीतरी द्या: लांबचा धूर, चमकणारं पाणी, पडका बुरूज. चढण्याचे कष्ट घेतले की माहिती मिळते, हे खेळाडूंना एकदा कळलं की ते स्वतःहून टेकड्या शोधू लागतात.

चालण्याचा हिशेबही आत्ताच उरकून टाका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साधारण चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास चालता येतं. ओझं घेऊन रोज एवढं चालणं मला जास्त वाटतं, म्हणून मी असं धरतो: दिवसाचे सहा गुण. रस्त्याचा हेक्स दोन गुणांचा, मोकळा माळ तीन, बांधून काढलेला घाट चार, आणि दाट जंगल, डोंगर किंवा नुसती नाळ (कड्यातली अरुंद, खडी वाट) सहा. रस्त्याने दिवसाला तीस किलोमीटर, जंगलातून दहा. हे कोष्टक नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सेशनच्या मध्ये कुणीही विचारलं तरी दहा सेकंदांत उत्तर देता आलं पाहिजे.

डोंगर आणि वारा

आता पेन्सिल. पहिली रेघ डोंगररांगेची, कारण पाणी, जंगल, वाटा, सरहद्दी सगळं तिच्यावरून ठरतं. सुटे डोंगर कागदभर विखरू नका. एक लांब रांग काढा आणि तिला दोन-तीन फाटे द्या.

मग पावसाळी वारा कोणत्या बाजूने येतो तो बाण काढा. सह्याद्री हे याचं तयार उदाहरण आहे आणि मराठी डीएमने ते वापरलं नाही तर नवल. समुद्रावरून आलेले ढग कड्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, तुमच्या कागदावर नऊ-दहा हेक्स. एवढ्या पट्ट्यात दाट रान, हिरवी खोरी, मग उघडे माळ, मग मेंढपाळांचा कोरडा मुलूख असं सगळं ओळीने येतं. तेव्हा वाळवंटासाठी वेगळं राज्य काढायची गरज नाही. रांगेच्या वाऱ्याकडच्या बाजूला झाडं घाला, पलीकडे विरळ करत न्या.

रांगेची एक बाजू कड्याची आणि दुसरी हळूहळू उतरणारी ठेवली तर खेळ जास्त रंगतो. कोकणातून सह्याद्री भिंतीसारखा दिसतो, देशावरून बघितलं तर कळतही नाही की आपण कड्याच्या काठावर आलो. दोन्ही बाजूंनी सारखा डोंगर हा नुसता अडथळा असतो, ओलांडला की झालं. एकतर्फी कड्याला मात्र ‘वर’ आणि ‘खाली’ असतं: खालचे लोक, वरचे लोक, आणि मधल्या वाटेवर ज्याचा ताबा त्याची चलती.

नद्या

नदीचे नियम थोडेच आहेत. ती उंचावरून सखलाकडे जाते. वाटेत इतर नद्या तिला येऊन मिळतात. खाली जाताना ती फुटून दोन दिशांना जात नाही. तळ्याला पाणी अनेक बाजूंनी येतं, पण बाहेर पडायला बहुधा एकच वाट असते. समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात नदी फुटते, तेवढी सूट आहे. दक्षिण अमेरिकेत कासिक्विआरे नावाचा प्रवाह ओरिनोको नदीतून फुटून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो, पण असली नवलाई एखादीच. तुमच्या नकाशावर अशी नदी असेल तर तिच्यामागे जादू आहे किंवा कुणाचा तरी शाप आहे असं ठरवा, म्हणजे चुकीचीही गोष्ट होते.

नदीने जवळच्याच समुद्राला जावं असं मात्र नाही. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावरून सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. कृष्णा तिथूनच निघते, पण पूर्वेकडच्या उताराला लागते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना आधी रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरून येऊन भिडते. या तिघींची वळणं नकाशावर बोटाने गिरवून बघा. नदी कशी काढायची ते नियम पाठ करण्यापेक्षा यातून लवकर कळतं.

आपल्या कागदावर एक मोठी नदी आणि दोन उपनद्या बास. मोठ्या नदीवर तीन ठिकाणी खुणा करा: उतार (पायी ओलांडण्याजोगं उथळ पाणी) कुठे आहे, नाव (होडी) कुठे चालते, पूल कुठे आहे. या तीन खुणा नदीपेक्षा महत्त्वाच्या, कारण पार्टी नदीपाशी थांबत नाही, ओलांडायच्या जागेपाशी थांबते. पूल एकच ठेवा आणि तो भलत्याच माणसाच्या ताब्यात द्या.

वस्ती

गाव पाण्यावर वसतं, बाजार वाटेवर. छोट्या गावाला पाणवठा आणि शेतजमीन पुरते. मोठी पेठ होते जिथे माल एका वाहनातून उतरून दुसऱ्यावर चढतो, कारण तिथे थांबावं लागतं, आणि थांबलं की हमाल, सावकार, खानावळ, चोर, देऊळ सगळं येतं.

किनाऱ्यावर बंदर काढताना नवखा माणूस ते थेट समुद्राच्या तोंडावर ठेवतो. कोकणात बघा: महाड सावित्रीवर, चिपळूण वाशिष्ठीवर, राजापूर अर्जुनेवर, सगळी आत. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं जिथवर चढत, तिथे पेठ आणि तिथूनच घाटाकडे बैलांची वाट. पुढे खाड्या गाळाने भरल्या, होड्या येईनाशा झाल्या. गाळात रुतलेल्या धक्क्याचं, रिकाम्या वखारींचं गाव ही तर आयती साहसाची जागा आहे, एखाद्या हेक्समध्ये टाकून द्या.

वस्त्यांमधलं अंतर पायांनी मोजा. आठवडी बाजाराला आलेला शेतकरी त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, म्हणून बाजाराचं गाव एक-दोन हेक्सला एक. लादलेले बैल दिवसाला दहा-बारा किलोमीटर जातात, म्हणून व्यापारी वाटेवर जवळपास प्रत्येक हेक्सला तांड्याचा तळ: विहीर, झाडं, एखादी धर्मशाळा. रात्रीचा हल्ला नेमका कुठे करायचा हा प्रश्नही इथेच मिटतो.

किल्ले मात्र शोभेसाठी विखरू नका. नाणेघाट आठवा. कल्याणकडून जुन्नरला चढणारी ही सातवाहनकाळातली व्यापारी वाट. वर लेणं, त्यात शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, आणि आजूबाजूला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. एका वाटेसाठी एवढं सगळं. तुमच्या नकाशावरच्या किल्ल्याला विचारा, तू कुठल्या वाटेवर नजर ठेवतोस? उत्तर नसेल तर तो हलवा.

वाटा, म्हणजे खरा खेळ

इथे वेळ घालवा. बाकी सगळी पूर्वतयारी यासाठीच होती.

उदाहरण घेऊ. खाडीच्या आतल्या टोकाला शिरबंदर, कड्यावरच्या पठारावर जांभुळनेर. पार्टीला मिठाच्या गोण्यांखाली लपवलेली एक पेटी वर पोचवायची आहे. तीन वाटा आहेत.

पहिली दांडाघाटाची. रस्त्याचे दोन हेक्स, बांधलेला घाट, मग वर रस्त्याचे तीन. चार, चार आणि सहा मिळून चौदा गुण. तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत जांभुळनेर. पण घाटाच्या तोंडाशी जकातीची चौकी आहे आणि तिथे गोण्या उघडतात.

दुसरी घोरपड नाळ. माळाचा एक हेक्स, नाळेचा एक, वर रस्त्याचा एक, एकूण अकरा गुण. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचता येतं. मात्र नाळेतून जनावर चढत नाही, म्हणजे खेचरं खाली सोडायची आणि ओझं पाठीवर घ्यायचं. शिवाय नाळेत काहीतरी राहतं, गुराखी तिकडे जात नाहीत.

तिसरी दक्षिणेची खिंड. रस्त्याचे बारा हेक्स, चोवीस गुण, पूर्ण चार दिवस. चौकी नाही, चढ सौम्य. पण वाट शेजारच्या सरदाराच्या मुलखातून जाते आणि नदीला तिथे फक्त उतार आहे. वर पाऊस झाला असेल तर काठावर बसून राहायचं.

हे सगळं पार्टीला उघड सांगा. नवे डीएम इथे हात आखडतात, वाटेची माहिती गुपित म्हणून दडवतात आणि मग खेळाडू फासे टाकल्यासारखी कुठलीही वाट निवडतात. माहितीशिवाय केलेली निवड ही निवड नसते. चौकी आहे, नाळेतून जनावर जात नाही, नदीला पूल नाही, हे त्या भागातल्या कोणालाही ठाऊक असणार. गुपित ठेवायचं ते एवढंच, की नाळेत नक्की काय राहतं आणि चौकीवरचा कारकून कितीला फुटतो.

वाद अर्धा तास चालला तर खूश व्हा, मध्ये बोलू नका.

एकच वाट हमखास चांगली निघत असेल तर नकाशा दुरुस्त करा. चौकी खिंडीवर सरकवा, उताराजवळ होडी ठेवा, नाळेची वाट अर्ध्यावर कोसळलेली ठेवा. कागद तुमचा आहे आणि पेन्सिल अजून पुसता येते.

हेक्स भरणं

१२० पैकी वीस-पंचवीस हेक्स भरा. सुरुवातीच्या गावाभोवतीचे सगळे, वाटांवरचे बहुतेक, बाकी तुरळक. प्रत्येकाला दोन ओळी: लांबून काय दिसतं, आणि जवळ गेलं की काय अडचण उभी राहते. इतिहास, वंशावळी, कोरीव कामाची वर्णनं इथे लिहू नका. माझ्या वहीत नोंदी अशा असतात, पहिले दोन आकडे स्तंभाचे आणि पुढचे दोन ओळीचे:

०४०५: देवराई. झाडांना जुन्या घंटा बांधलेल्या. आत वारा नसतानाही एक वाजते, आणि ज्या दिवशी वाजते त्या दिवशी गावातलं एक जनावर कमी होतं.

०६०३: कातळात खोदलेलं टाकं, बारमाही पाणी. तांड्याचे लोक पाणी भरतात पण तिथे मुक्काम करत नाहीत. विचारलं तर विषय बदलतात.

०९०७: गोल, खोल, खाऱ्या पाण्याचं तळं. काठावर माती आहे तिथे होकायंत्र भरकटतं.

शेवटचं तळं लोणारवरून सुचलेलं आहे, ओळखलं असेल. आकाशातून पडलेल्या दगडाने बेसॉल्टच्या पठारात पाडलेला, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि त्यात खारं पाणी. अशी विलक्षण जागा कागदावर एकच ठेवा. तीन ठेवल्या की तिन्ही साध्या वाटतात.

मग अफवा. सुरुवातीच्या गावात ऐकू येतील अशा सहा अफवा लिहा, प्रत्येक अफवा वेगळ्या हेक्सकडे बोट दाखवणारी. दोन पूर्ण खऱ्या, तीन अर्ध्या खऱ्या, एक साफ खोटी. खेळाडू नकाशाकडे बघतात ते अफवेमुळे. नाहीतर त्यांच्या दृष्टीने तो नुसता रंगवलेला कागद.

वाटेतल्या गाठीभेटींसाठी कड्याखाली, घाटात आणि पठारावर अशी तीन वेगळी डी६ (सहा बाजूंच्या फाशाची) कोष्टकं पुरेत. त्यात निम्म्या नोंदी लढाईच्या नसाव्यात. मोडलेल्या चाकाची गाडी, रस्ता चुकलेली वरात, जकात बुडवून पळणारा व्यापारी, यांच्याशी बोलायला लागतं आणि त्यातून पुढचा मार्गही बदलू शकतो.

नावं

इंग्रजी ढंगाची उसनी नावं टाळा. मराठी टेबलावर तिसऱ्या सेशननंतर ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि मग त्यांची ‘ते ड-वालं शहर’ अशी वासलात लागते. आपल्या गावांची रीत घ्या. झाडावरून नाव पडतं: चिंचवड, पिंपळगाव, आंबेगाव. प्रत्ययावरून मुलूख कळतो: देशावर नेर आणि गाव, कोकणाकडे वली. काल्पनिक मुलखातही कड्याखालच्या गावांना एक प्रत्यय आणि पठारावरच्यांना दुसरा द्या. कोणी न सांगता खेळाडूंना कळू लागतं की ‘हा माणूस वरचा आहे’. एका गावाच्या शेजारी त्याच नावाचं खुर्द आणि बुद्रुक टाकून बघा. दोन्ही गावांचं भांडण कशावरून, हे पार्टीच विचारेल.

नाव मोठ्याने उच्चारून बघायचं. जीभ अडखळली तर बदला. दोन मोठ्या गावांची नावं एकाच अक्षराने सुरू होऊ देऊ नका.

शाईने उतरवताना

क्रम असा: किनारा आणि नद्या निळ्याने, डोंगर तपकिरीने, मग नावं, मग वाटा, आणि झाडं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण झाडं आधी काढतात आणि नाव लिहायला जागा उरत नाही. देवनागरीत एक जास्तीची अडचण असते, शिरोरेषा. ती वाटेच्या किंवा नदीच्या रेघेला चिकटली की दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून नावाजवळ वाटेची रेघ थोडी तोडा. नदीचं नाव नदीच्या कडेने, किंचित वळवून लिहिलं तर छान दिसतं. गावाचं कायम आडवं.

कडा दाखवायला फक्त पडत्या बाजूला छोट्या उभ्या रेघोट्या मारा. दुसरी बाजू मोकळी सोडा. चित्रकला यावी लागत नाही, एवढ्याने उंची दिसते.

संगणकावर स्वच्छ प्रत करायचीच असेल तर भूभाग आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून चित्र म्हणून काढून घ्या आणि मराठी नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून टाका. जोडाक्षरं तिथे नीट उमटतात आणि नाव बदललं तर खालचं चित्र धक्का न लावता तसंच राहतं. खंडाची कल्पना पटकन हवी असेल तर आझगारचा फुकट नकाशा-जनरेटर ब्राउझरमध्ये चालतो. त्यातला एखादा कोपरा उचलून मोठा करायला हरकत नाही.

खेळाडूंना काय द्यायचं

तुमची प्रत कधीही नाही. त्यांना किनारा, मोठी नदी, दोन-तीन गावं एवढंच असलेला हेक्स कागद द्या आणि एका खेळाडूला नकाशा भरायचं काम सोपवा. त्याने चुकीच्या हेक्समध्ये किल्ला काढला तर सुधारू नका, परत येताना तो सापडणार नाही तेव्हा त्याला कळेलच. मात्र जे पात्रांना डोळ्यांनी दिसतंय त्याबद्दल गोंधळ असेल तर लगेच स्पष्ट करा. चूक पात्राची असावी, ऐकण्याची नाही.

याहून मजेशीर म्हणजे नकाशाऐवजी मजलांची यादी. जुन्या काळी बहुतेक प्रवाशांजवळ नकाशा नसे, मुक्कामांची नावं असत: पहिली मजल अमुक विहीर, दुसरी तमुक वड, तिसऱ्या मजलेला उजवीकडचा फाटा सोडायचा. एखाद्या म्हाताऱ्या तांडेवाल्याने सांगितलेली अशी यादी पार्टीला द्या, आणि त्यातला एक वड गेल्या वादळात पडला आहे असं ठरवा.

ऋतू बदलला की नकाशा बदलतो

हे फार कमी डीएम वापरतात आणि मला कळत नाही का. पावसाळ्याचे चार महिने कॅम्पेनमध्ये येऊ द्या. रस्ता सोडून सगळ्या हेक्सचे गुण दुप्पट. उतार बंद, नाव फक्त उघडीप मिळाली तर. नाळेत धबधबा. गलबतं धक्क्याला बांधलेली, कारण समुद्र खवळलेला. कड्यावरून एरवी समुद्रापर्यंत दिसतं, आता धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही. वर उदाहरणात दिलेल्या तीन वाटांपैकी दोन बंद पडतात आणि जकातीचा कारकून अचानक मुलखातला सगळ्यात वजनदार माणूस होतो. रेघ एकही बदललेली नाही. उन्हाळ्यात उलटं: नदी कुठूनही ओलांडा, पण पठारावरची टाकी आटलेली, म्हणून पाण्याचा हिशेब.

कडेच्या बाहेर

पार्टी कधीतरी कागदाच्या कडेकडे निघणारच. अडवू नका, पण आधीपासून चारही बाजूंना एकेक ओळ लिहून ठेवा: पलीकडे काय आहे असं लोक म्हणतात. उत्तरेला दुष्काळ पडलाय, लोक लोंढ्याने खाली येतायत. पूर्वेला एकच मोठं शहर, तिथलं नाणं वेगळं. सेशन संपताना विचारा, ‘पुढच्या वेळी कुठे जायचं ठरतंय?’ उत्तर मिळालं की त्या दिशेचे पाच-सहा हेक्स आठवडाभरात भरा. दुसरा कागद पहिल्याला चिकटपट्टीने जोडा आणि नदी त्याच हेक्समधून पुढे न्या.